‘इथं गमत नाही’: अहेरीपासून लंडनपर्यंत कायदा शिकणारी मुले

विदर्भात एक क्रियापद रोज वापरात असते. नागपूरच्या वसतिगृहात पहिला आठवडा काढलेला मुलगा घरी फोन करतो आणि म्हणतो, ‘इथं गमत नाही.’ जेवण मिळते, खोली बरी आहे, कोणी त्रास देत नाही, तरी गमत नाही. परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत वैविध्य, समावेशन, आपलेपणाची भावना असे शब्द असतात. त्या शब्दांना जे म्हणायचे असते ते या तीन शब्दांच्या वाक्यात आधीच आलेले आहे. परदेशात कायदा शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे कधी गमते, कशामुळे गमते आणि ते घडवून आणण्याची जबाबदारी कोणाची, यावर गेली पंधरा-वीस वर्षे जगभर चर्चा चालू आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या बाजूने पाहिले तर त्या चर्चेत एक मोठी गोष्ट सुटलेली दिसते. इथल्या मुलासाठी परदेश हीथ्रोच्या विमानतळावर सुरू होत नाही, त्याच्या बराच आधी सुरू होतो.

किती पायऱ्या, किती भाषा

अहेरीहून चंद्रपूरला जाणारी एस.टी. आलापल्लीच्या सागवानातून, आष्टीवरून, वैनगंगा ओलांडून जाते. अंतर शंभराहून अधिक किलोमीटर. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण आहे, आणि अहेरीच्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. भामरागड-एटापल्लीकडून आलेली माणसे माडिया बोलतात, इतरत्र गोंडी चालते, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींमध्ये बंगाली बोलली जाते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा २०११ च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येचा होता आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. ज्या वैविध्याची इतकी चर्चा होते, ते इथल्या मुलाने बाजाराच्या दिवशी लहानपणापासून पाहिलेले असते. तरीही तो त्या वैविध्याचा जाणकार म्हणून बाहेरच्या जगात दाखल होत नाही. ‘मागास भागातला’ म्हणून दाखल होतो.

शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर त्याची भाषा बदलते. घरी माडिया किंवा तेलुगू, आश्रमशाळेत मराठी, कायद्याच्या महाविद्यालयात इंग्रजी. राज्याची विधी प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते. २००८ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी घेतली जाणारी ‘क्लॅट’ मात्र इंग्रजीतच होत आली आहे. ती भारतीय भाषांत घ्यावी यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत, त्यातले एक विदर्भातच आहे. पण रस्त्याने जवळ असलेले विद्यापीठ प्रवेशाने जवळ असतेच असे नाही. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली ती हेच अंतर कमी करण्यासाठी. खेड्यातल्या आणि वंचित घरांतल्या मुलांना हेरायचे, त्यांची तयारी करून घ्यायची आणि विधी विद्यापीठात शिरल्यावरही त्यांची साथ सोडायची नाही, असे तिचे काम. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड, आणि बहुतेक योजना नेमक्या तिथेच थांबतात.

पंगतीत बसून वकील होणे

हा प्रश्न नवा नाही. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून अव्वल गुणांनी उत्तीर्ण झाल्या. त्या गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासह काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचल्या. तिथे कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. ऑल सोल्स महाविद्यालयाचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांच्यासाठी उघडले गेले. १८९२ मध्ये पुरुषांबरोबर परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या परीक्षेला बसल्या, पण पदवी मिळायला आणि बॅरिस्टर व्हायला आणखी तीस वर्षे गेली, कारण त्यातला बहुतेक काळ दोन्ही दारे स्त्रियांना बंद होती. माणसे प्रेमाने वागत होती, ग्रंथालय मिळाले होते, परीक्षाही झाली होती. तरीही संस्थेच्या नोंदवहीत त्या कुठेच नव्हत्या. व्यक्तींची आपुलकी आणि संस्थेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते परतले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

बॅरिस्टरीच्या त्या शिक्षणाचा एक नियम इथे थांबून पाहण्यासारखा आहे. ग्रेज इनसारख्या, बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या संस्थांमध्ये, म्हणजे इन्समध्ये, सत्र भरायचे ते जेवून. ठरावीक संख्येने सहभोजने झाल्याशिवाय कोणालाही बॅरिस्टर होता येत नसे, आणि आजही इन्सच्या शिक्षणात एकत्र भोजनाला स्थान आहे. लांब मेजांवर चौघाचौघांच्या गटाने बसायचे, शेजारी कोण हे आपण ठरवायचे नाही. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला नळाला हात लावायची मुभा नव्हती आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे, त्याला इथे परक्यांबरोबर एका मेजावर जेवणे हा शिक्षणाचाच भाग होता, तोही सक्तीचा. आपल्याकडे कोणाला कोणत्या पंगतीत बसवायचे यावर समाज चालत आला. तिथे पंगतीत बसल्याखेरीज वकिलीची सनद मिळत नव्हती. इन्स समतावादी होत्या असे मुळीच नाही. वरिष्ठांचे उंच मेज वेगळे होते, आणि साम्राज्याच्या राजधानीत हिंदी विद्यार्थी ‘वसाहतीतला’च राहत असे. पण आपलेपण भावनेवर न सोडता नियमात बसवता येते, एवढे त्या मेजावरून शिकता येते.

या गोष्टीचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पूर्ण पुसली गेली होती, असे आंबेडकरांनी नंतर आपल्या आठवणींत नोंदवले. लंडनहून पहिल्यांदा परतल्यावर शिष्यवृत्तीचा करार पाळण्यासाठी ते बडोद्याला नोकरीला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी निवासगृहात उतरले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. लंडनमध्ये जे मिळाले ते बडोद्यात काढून घेतले गेले. पुढे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोन दिवसांनी, त्यांनी चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा केला. अहेरीची एस.टी. ज्या गावी जाते, ते हेच. गोंडपिपरी-चामोर्शीकडच्या बौद्ध घरांतली मुले कायद्याकडे वळतात त्यामागे हा माणूस उभा आहे, आणि परदेशी शिकून परत येण्याचा अर्थही ती त्याच्याच चरित्रातून वाचतात.

दारे कोणती, अटी कोणत्या

आज बाहेर जाण्याची मुख्य वाट शिष्यवृत्तीची आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून आहे. अनुसूचित जाती आणि काही इतर घटकांसाठी १२५ जागा. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना, तिच्यात वीस जागा, त्यातल्या तीन विशेष दुर्बळ आदिवासी गटांसाठी राखीव. महाराष्ट्रात असे तीन गट आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे भामरागडच्या मुलाला साऱ्या देशातल्या तीन जागांत आपले नाव शोधायचे असते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि आदिवासी विकास विभागाची योजना याखेरीज आहे. युरोपच्या इरास्मस मुंडस आणि ब्रिटनच्या चिव्हनिंगकडेही हल्ली विदर्भातली मुले वळतात. गडचिरोली जिल्ह्यातले वकील बोधी रामटेके यांना मानवी हक्कांच्या अभ्यासासाठी इरास्मस मुंडस मिळाली तेव्हा जिल्ह्यातल्या वसतिगृहांत त्याची चर्चा झाली असणार, कारण एखादी वाट खरी आहे हे ओळखीचे नाव तिच्यावर दिसल्याशिवाय पटत नाही. चिव्हनिंगवर लंडनला शिकलेले बुलढाण्याचे राजू केंद्रे यांची ‘एकलव्य’ ही संस्था याच समजुतीवर उभी आहे. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याचा अर्ज वाचायचा, उद्देशपत्र तपासायचे, मुलाखतीची तयारी करून घ्यायची.

अटींवरून वाद आहेत. २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आपल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. अशा विषयांसाठी देशातच चांगली साधने आणि जाणकार आहेत, मग जागा परदेशातच शिकता येतील अशा विषयांना जाव्यात, अशी त्यामागची बाजू मांडली गेली. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की दलित विद्यार्थ्याला आपल्या समाजाचा अभ्यास बाहेरच्या मोकळ्या वातावरणात करायचा असेल, तर नेमकी ती वाट बंद झाली. कायद्याच्या विद्यार्थ्याला ही सीमारेषा विशेष टोचते. मानवी हक्कांचा कायदा आंतरराष्ट्रीय आणि जातीवरचे प्रकरण भारतीय, असा प्रबंध मधोमध कापता येत नाही.

मते कुठे फुटतात

गेल्या दोन दशकांतल्या चर्चेत ढोबळमानाने तीन सूर ऐकू येतात. एका सुरात प्रश्न संख्येचा आहे. वर्गात एकच माडिया विद्यार्थी असला तर तो साऱ्या समाजाचा प्रवक्ता बनतो, चुकायची मुभा गमावतो. पाच असले तर त्यातला एखादा मागच्या बाकावर निवांत बसू शकतो. हा युक्तिवाद साधा आणि बळकट आहे. अडचण एवढीच की वीस जागांच्या देशात ‘पाच’ येणार कुठून, याचे उत्तर विद्यापीठाच्या हाती नाही.

दुसरा सूर संरक्षणाचा. जात समुद्र ओलांडते, म्हणून परदेशी कायद्याने आणि विद्यापीठांच्या नियमांनी तिचे नाव घ्यावे, असे तो मांडतो. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी मात्र राज्यपातळीवरचे विधेयक परत पाठवले. अस्तित्वात असलेल्या कायद्यांतच हे संरक्षण आहे, असे त्यांचे कारण. काही हिंदू संघटनांनी या कायद्यांना विरोध केला. जातीचे नाव घेतल्याने एका धर्माच्या सगळ्याच लोकांवर संशय बसतो, असे त्यांचे म्हणणे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यात जातीसाठी तरतूद ठेवलेली होती, पण २०१८ मध्ये सरकारने स्वतंत्र कायदा न करता न्यायालयांच्या निर्णयांवर विसंबायचे ठरवले. त्यामागे ‘तिर्की विरुद्ध चंढोक’ हे प्रकरण होते. भारतातून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार स्त्रीने आपल्या मालकांविरुद्ध दाद मागितली आणि २०१५ मध्ये तिला एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक भरपाई मंजूर झाली. जात ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते, हे त्या प्रकरणाने दाखवले. कायद्याच्या शेकडो विद्यार्थ्यांसाठी मार्ग उघडणारे हे काम एका घरकामगार बाईने केले, हे वर्गात शिकवताना सांगितले जावे असे मनापासून वाटते.

तिसरा सूर म्हणतो की आपलेपण कोणी देत नाही, ते आपली माणसे गोळा करून उभे करावे लागते. मराठी माणसाला ही रीत जुनी आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि गणपती, दिवाळी, पुरणपोळी या मार्गाने कित्येक विद्यार्थ्यांची पहिली हिवाळी सुट्टी सुसह्य झाली आहे. पण मंडळातले मराठीपण सर्वांना सारखेच मोकळे वाटते का? आडनाव विचारले की गाव विचारले जाते, गाव विचारले की पुढचा प्रश्न न विचारताच समजतो. म्हणून आंबेडकरी विद्यार्थ्यांनी लंडन, न्यूयॉर्क, बोस्टन इथे आपली वेगळी अभ्यासमंडळे आणि १४ एप्रिलचे कार्यक्रम उभे केले. नांदेडहून निघून बर्मिंगहॅममध्ये कायद्याची पदव्युत्तर पदवी आणि जोहान्सबर्गमध्ये पीएच.डी. करणारे सूरज येंगडे यांच्या प्रवासात आणखी एक शक्यता दिसते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चळवळीत दलित विद्यार्थ्याला आपली जागा सापडते. भाषा वेगळी, देश वेगळा, पण अपमानाचा अनुभव ओळखीचा.

आदिवासी विद्यार्थ्याची गोष्ट यात थोडी बाजूला राहते. त्याच्याजवळ ना मंडळ, ना जयंती. गडचिरोलीतून एखादाच जातो, आणि झारखंड किंवा ओडिशातला दुसरा एखादा भेटला तर त्यांच्यात समान भाषा इंग्रजीच असते.

एका मुलाची पाच नावे

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात त्याला स्वतःसाठी एक नवा शब्द मिळतो: ‘इंडिजिनस’. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार १९५७ चा, भारताने तो स्वीकारला. १९८९ चा १६९ क्रमांकाचा सुधारित करार भारताने स्वीकारलेला नाही. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिम जनतेच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतरची भारताची सगळी जनता मूळचीच आहे ही आपली भूमिका कायम ठेवली. तेव्हा एकच मुलगा आपल्या घरी कोयतूर किंवा माडिया असतो, जात पडताळणीच्या कागदावर अनुसूचित जमातीचा, राजकीय सभेत आदिवासी, लंडनच्या वर्गात इंडिजिनस आणि व्हिसावर फक्त भारतीय. यातले कोणते नाव उच्चारले की त्याला गमते, हे विद्यापीठाच्या वैविध्याच्या तक्त्यात मोजले जात नाही. तिथे बहुधा ‘दक्षिण आशियाई’ एवढाच रकाना असतो.

अभ्यासक्रमाचा प्रश्न यालाच लागून आहे. बी. एस. चिमणी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिसऱ्या जगाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायदा नव्याने वाचण्याची परंपरा उभी केली, आणि आज अनेक परदेशी विद्यापीठांत ती शिकवली जाते. त्यामुळे आपला देश वर्गात येतो. आपले गाव येते ते मात्र बहुतेकदा ‘प्रकरण’ म्हणून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यावर जगभर लिहिले गेले आहे. पण वनहक्क कायद्यातल्या ज्या कलमाने विशेष दुर्बळ गटांच्या अधिवासाचा हक्क मान्य केला, त्या कलमाखाली ज्याचे आजोबा मोडतात तो विद्यार्थी चर्चासत्रात बोलायला उठतो तेव्हा त्याचे बोलणे पुरावा समजायचे की युक्तिवाद? काही प्राध्यापक म्हणतात, अनुभव हा ज्ञानाचा स्रोत आहे, त्याला जागा द्या. इतर काही म्हणतात, विद्यार्थ्याला सतत स्वतःच्या जखमेवर बोलायला लावणे हेही एक ओझे आहे. त्याला कंपनी कायदा किंवा सागरी कायदा शिकायचा असेल तर तेवढाच मान मिळावा. दुसरे मत कमी ऐकू येते, पण त्यात तथ्य अधिक आहे. गडचिरोलीच्या मुलाने गडचिरोलीवरच प्रबंध लिहावा ही अपेक्षासुद्धा एक कुंपणच आहे.

परतीची वाट

या साऱ्या चर्चेत परत येण्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे. भामरागडच्या जुव्वी गावचे, हेमलकशाच्या शाळेत शिकलेले लालसू नोगोटी हे माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. ते पुण्यात कायदा शिकले, परत आले आणि २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून गेले. त्यांचा परदेश पुणे होता. भाषा, जेवण, थट्टा, एकटेपणा, सगळे तिथेच भेटत असते, पण भामरागडहून आलेल्या मुलाला कोणी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणत नाही, म्हणून त्याच्यासाठी स्वागतकक्ष नसतो आणि समुपदेशकही नसतो. उलट पुण्यातच अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी निदान एक स्वतंत्र कार्यालय असते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर पुण्यातली अफगाण मुले व्हिसाच्या मुदतीसाठी धावपळ करत होती. त्यांचा आणि भामरागडच्या मुलाचा प्रश्न एकत्र ठेवून कोणी पाहिलेला नाही. तसा पाहिला तर देशाची सीमा हा या विषयातला सर्वांत मोठा फरक उरत नाही, असे या आढाव्यातून दिसते.

मग उरते ते घरचे. लंडनहून कायदा शिकून आलेल्याला अहेरीच्या न्यायालयात मराठीत कागद लिहावे लागतात, उच्च न्यायालयात इंग्रजीत, आणि साक्षीदार माडियात बोलतो. शिष्यवृत्त्या परतण्याचा आग्रह धरतात, पण परतल्यावर तालुक्याच्या ठिकाणी वकिली उभी राहीपर्यंतची तीन-चार वर्षे कशी काढायची, याची सोय त्यांच्यात नसते. मग तो नागपूरला थांबतो, किंवा दिल्लीला. त्याला दोष देता येत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाविषयीचे घटनेतले ३५० अ हे कलम आणि ग्रामसभेचे अधिकार हा तिचा आधार. जिल्हा परिषदेने ती शाळा अनधिकृत ठरवून नोटीस दिली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. तिथली मुले गोंडीत अक्षरे गिरवतात. त्यांच्यातली एखादी उद्या कायद्याकडे वळली, तर तिला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही परभाषा म्हणूनच भेटतील. तिच्यासाठी नागपूर आणि लंडन यांतले कोणते गाव आधी परके वाटेल, हे आज सांगता येत नाही.